पोटाखालची चीर : एका युनिसायकलच्या हँडलची दुरुस्ती

माझा भाचा कात्रजचा जुना घाट चढत असताना त्याच्या युनिसायकलचं हँडल तुटून हातात आलं. चढ होता, वेग चालण्याइतकाच होता, म्हणून तो पायांवर उतरला आणि एकचाकी मागे आडवी पडली. साधं खरचटलंही नाही. पण ब्रेकचा लिव्हर त्याच हँडलवर बसवलेला असतो. हेच परतीच्या उतारावर झालं असतं, तर ब्रेक दाबायला हाताला आधारच उरला नसता. संध्याकाळी तो तुकडे पिशवीत घालून भोसरीला माझ्या वर्कशॉपमध्ये आला आणि म्हणाला, "मामा, आर्गन वेल्डिंग मारून दे ना. रविवारी परत जायचंय."

मी नाही म्हणालो. का नाही म्हणालो आणि त्याऐवजी काय केलं, ते इथे लिहितो. युनिसायकल चालवणारे आपल्याकडे थोडेच आहेत. पण अॅल्युमिनियमचं हँडल, स्टेम (सायकलचं हँडल फोर्कच्या नळीला धरून ठेवणारा तुकडा), कॅरिअर, व्हीलचेअरची दांडी अशा वस्तू रोज कुठल्या ना कुठल्या वेल्डरकडे येतात, आणि त्यांची दुरुस्ती बहुतेक वेळा तशीच होते जशी या हँडलची पहिल्यांदा झाली होती.

हो, पहिल्यांदा. हे हँडल त्याआधी तीन आठवडे एकदा चिरलं होतं. तेव्हा भाच्याने ते घराजवळच्या एका वेल्डरकडे नेलं आणि त्याने चिरेवरून वेल्डिंगचा टाका ओढून दिला. तो टाका दिसायला चांगला होता. ठिपक्याला ठिपका लागलेला, चकचकीत. तुटलं ते त्या टाक्याच्या अगदी कडेला.

आधी या वाहनाबद्दल थोडं सांगायला हवं. भाच्याची युनिसायकल ३६ इंची चाकाची आहे. तिला चेन नाही, गिअर नाही. पायडल थेट चाकाच्या आसाला जोडलेले, त्यामुळे पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचाही एकच फेरा, म्हणजे जवळजवळ २.८७ मीटर. लहान युनिसायकलला हँडल म्हणजे सीटच्या टोकाशी बोटं अडकवायला एक ओठ असतो, तेवढाच. लांब पल्ल्याच्या या मोठ्या चाकीला मात्र सीटखालून पुढे आलेली एक नळी आणि तिच्या टोकाला आडवी दांडी असते. सपाट रस्त्यावर तळहात टेकवून त्यावर थोडं वजन टाकायचं, म्हणजे बैठकीला आराम मिळतो. चढावर उलटं होतं. पाय पायडल खाली दाबतो तेव्हा शरीर वर उचललं जाऊ पाहतं, ते जागेवर ठेवायला हात हँडल वर ओढतात. प्रत्येक पायडलमाऱ्याला एक ओढ. फेऱ्याला दोन.

आता हिशोब करा. एक किलोमीटरमध्ये सुमारे ३४८ फेरे, म्हणजे ७०० ओढी. भाचा आठवड्याला साधारण सहा किलोमीटर खरा चढ चढतो. आठवड्याच्या झाल्या ४,२०० ओढी. हँडल चौदा महिने जुनं होतं, म्हणजे साधारण साठ आठवडे. अडीच लाख वेळा ती नळी वाकायला लावली गेली आणि परत सोडली गेली. त्यातली एकही ओढ हँडल मोडण्याइतकी मोठी नव्हती. एका झटक्यात मोडायचं तर तिच्या कितीतरी पट जोर लागला असता. धातूचा थकवा म्हणतात तो हाच: एकेकटा निरुपद्रवी असलेला भार, पुन्हा पुन्हा येऊन, सर्वांत कमजोर बिंदूपाशी एक सूक्ष्म चीर उघडतो आणि मग प्रत्येक ओढीला ती कणभर पुढे नेतो.

तुकडे व्हाइसमध्ये धरून मी आधी तुटलेला पृष्ठभाग भिंगाखाली पाहिला. कोणतीही दुरुस्ती करण्याआधी ही पंधरा मिनिटं द्यायलाच हवीत. नळीच्या खालच्या बाजूला अर्धचंद्राच्या आकाराचा गुळगुळीत, काळसर भाग होता. त्यावर शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा बारीक वक्र रेघा होत्या. या रेघा चीर कुठून कुठे सरकली ते सांगतात, आणि त्या सगळ्या नळीच्या तळाकडे, वेल्डच्या कडेतल्या एका बिंदूकडे वळलेल्या होत्या. वरचा उरलेला भाग खरखरीत आणि ताजा राखाडी. तेवढाच भाग त्या दिवशी घाटात एकदम तुटला. बाकीचा आधीच गेला होता.

हा खरखरीत भाग पाहून माझ्याकडचा जुना फिटर म्हणाला, "मटेरियलचे क्रिस्टल झाले." ही समजूत जुनी आहे आणि तिचा इतिहास दुःखद आहे. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या रेल्वेच्या इंजिनाचा आस मोडला, डबे एकमेकांवर चढले आणि पेटले. डब्यांची दारं बाहेरून कुलूपबंद होती. दक्षिण ध्रुवाकडच्या सफरी करून आलेला दर्यावर्दी द्युमाँ द्युर्व्हिल त्यात बायको-मुलासह गेला. तेव्हाही अनेकांचं म्हणणं होतं की सततच्या हादऱ्यांनी लोखंडाचा पोतच बदलतो, तंतूचे स्फटिक होतात. विल्यम रँकिन या तरुण स्कॉटिश अभियंत्याने पुढच्याच वर्षी मोडलेले आस तपासून वेगळं सांगितलं: धातू बदलत नाही, आसाची जाडी जिथे एकदम बदलते त्या कोपऱ्यात चीर सुरू होते आणि बाहेरून आत सरकत जाते. फिटरला मी भिंग दिलं आणि अर्धचंद्र दाखवला. त्याने बराच वेळ पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच्या मोटरसायकलचा तुटलेला फूटरेस्ट आणून माझ्या टेबलावर ठेवला. त्यावरही तसाच अर्धचंद्र होता.

चीर खालून का सुरू झाली हा मला महत्त्वाचा प्रश्न वाटला. हँडल मागच्या बाजूला सीटला घट्ट धरलेलं आणि पुढे मोकळं. टोक वर ओढलं की नळीचा वरचा भाग दबतो आणि खालचा ताणला जातो. चीर ताणावर वाढते, दाबावर नाही. तळहात टेकवल्यावर वरची बाजू ताणली जाते, पण तो भार सौम्य आणि बराचसा स्थिर असतो. चढावरची ओढ जोरकस आणि दर सेकंदाला होणारी. म्हणून चीर पोटाखाली. आणि तीच जागा चालवणाऱ्याला कधी दिसत नाही. भाचा दर रविवारी युनिसायकल पुसत होता, बोल्ट तपासत होता, पण वरून पाहत होता.

मग मी आधीच्या वेल्डरचा टाका करवतीने आडवा कापला. टाक्याखाली जुनी चीर जशीच्या तशी होती. काळी, तेलकट, घामाचा मळ भरलेली. वरून जेमतेम दीड मिलिमीटर धातू चढला होता, आत फट कायम. चीर खणून काढल्याशिवाय वेल्ड मारणं म्हणजे जखमेतला काटा न काढता वरून पट्टी बांधणं. पण समजा, त्याने चीर नीट खणली असती, घासून कोरडी केली असती, तरी ही दुरुस्ती फार टिकली नसती. त्याचं कारण अॅल्युमिनियममध्ये आहे, वेल्डरच्या हातात नाही.

हँडल ६०६१-टी६ चं होतं. यातल्या 'टी६' चा अर्थ, हा धातू आधी ५३० अंशांच्या आसपास तापवून पाण्यात विझवलेला आणि मग १६० ते १८० अंशांवर काही तास शेकलेला असतो. त्या शेकण्यात मॅग्नेशियम आणि सिलिकॉनचे अतिसूक्ष्म कण धातूत तयार होतात आणि त्यांच्यामुळेच त्याला बळ येतं. मूळचा मऊ अॅल्युमिनियम त्यामुळे २७५ मेगापास्कलच्या (ताण मोजायचं एकक) पुढे ताण सोसतो. वेल्डिंगची उष्णता शेजारच्या पट्ट्यातले हे कण बिघडवते. वेल्डच्या दोन्ही बाजूंना सुमारे बोटभर रुंदीचा पट्टा निम्म्या ताकदीवर येतो. नजरेला काहीच फरक दिसत नाही. पहिल्या वेल्डने (कारखान्यातल्या) हा पट्टा तयार झाला असावा, किंवा कारखान्याने नंतर पूर्ण हँडल पुन्हा शेकून तो भरून काढला असावा. पण घराजवळच्या वेल्डने तो नक्कीच पुन्हा मऊ केला. शिवाय टाक्याची कड म्हणजे आकारातला तीव्र बदल, रँकिनचा तोच कोपरा. मऊ पट्टा आणि तीव्र कड, दोन्ही सर्वांत जास्त ताणाच्या जागी एकत्र आले.

हे सगळं पुन्हा तापवून, विझवून, शेकून दुरुस्त करता येतं. उष्णतोपचाराच्या भट्टीत एका तुकड्यासाठी ते करणं शक्य होतं. पण पाण्यात विझवताना पातळ नळी आणि जाड प्लेट वेगवेगळ्या वेगाने आकसतात, वाकतात. शिवाय बाजारात सहज मिळणाऱ्या दोन फिलरपैकी (वेल्डमध्ये वितळवून भरायच्या सळया) ५३५६ या उपचाराला दाद देत नाही आणि ४०४३ अपुरी देतो. एवढं करून हाती येणार ते मूळ हँडल, जे चौदा महिन्यांत चिरलं होतं.

म्हणून मी ताण मोजायचं ठरवलं. भाच्याला भिंतीला टेकवून युनिसायकलवर बसवलं, हँडलच्या जागी सामान तोलायचा लटकता काटा बांधला आणि चढावर ओढतो तसं ओढायला सांगितलं. बहुतेक ओढी आठ ते बारा किलोच्या. जीव काढून ओढल्यावर वीस. जुन्या हँडलची नळी २२.२ मिलिमीटर बाहेरून, दोन मिलिमीटर जाड, आणि पकड मुळापासून २५० मिलिमीटर पुढे. वीस किलोच्या ओढीला मुळाशी सुमारे ८५ मेगापास्कल येतात, दहा किलोला ४३. टी६ च्या २७५ समोर हे किरकोळ वाटतं, आणि बनवणाऱ्यालाही बहुधा तसंच वाटलं असेल. पण थकव्याच्या हिशोबात मूळ धातूचा आकडा चालत नाही, वेल्डच्या कडेचा चालतो. अॅल्युमिनियममध्ये अशा जोडाच्या कडेला वीस लाख ओढींसाठी जेमतेम २० ते ३० मेगापास्कल धरतात. आणि ताण दुप्पट झाला की आयुष्य निम्मं होत नाही, साधारण दहावा हिस्सा होतं. पंचवीसचा आकडा घेऊन मी मांडलं तेव्हा ४३ वर तीन लाखांच्या आसपास ओढी आल्या, ८५ वर तीस हजार. प्रत्यक्षात अडीच लाख झाल्या होत्या. असा मेळ बसला की बरं वाटतं, पण खरं तर असे हिशोब दुपटी-तिपटीने चुकू शकतात, त्यामुळे त्यावर फार भर देत नाही.

दहापटीचं हे नाणं दोन्ही बाजूंनी चालतं, आणि पुढची सगळी दुरुस्ती त्यावरच उभी आहे. ताण निम्म्यावर आणता आला तर आयुष्य दहापट.

एका मित्राने सुचवलं की नळीऐवजी भरीव सळई घाल. हे सर्वांना सुचतं. २२.२ मिलिमीटरची भरीव पोलादी सळई आणि २८.६ मिलिमीटरची दोन मिलिमीटर जाडीची नळी, दोन्ही वाकण्याला जवळजवळ सारखीच पुरतात. पण ३३० मिलिमीटर लांबीला सळई एक किलोची होते आणि नळी ४३० ग्रॅमची. वाकण्यात मधला धातू काही कामच करत नाही, काम करतो तो कडेचा. मी २८.६ ची सीडीएस, म्हणजे थंड ओढून काढलेली बिनसांध्याची पोलादी नळी घेतली. हे माप मुद्दाम. एक पूर्णांक एक अष्टमांश इंच म्हणजे हेच, आणि आजच्या बऱ्याच गिअरच्या सायकलींच्या फोर्कची नळी वरच्या टोकाला याच मापाची असते. म्हणून सायकलच्या दुकानातला त्या मापाचा साधा स्टेम या नळीवर क्लॅम्प होतो. स्टेम नळीवर चढवून उभा फिरवला, त्यात छोटी आडवी दांडी धरली, की पुढचं टोक तयार. तिथे वेल्ड नको. शिवाय स्टेम पुढे-मागे सरकवता येतो. भाच्याला अडीचशे मिलिमीटरची सवय होती, मी त्याला २१० वर बसवून पाहायला लावलं. दोन दिवस कुरकुरला, मग सवय झाली.

पोलाद का? दूधवाल्याच्या सायकलचं हँडल आठवा. दोन्ही बाजूंना भरलेल्या किटल्या लटकवून वर्षानुवर्षं चालतं. ते वाकलेलं पुष्कळ वेळा पाहिलं आहे, तुटलेलं क्वचितच. प्रशियन रेल्वेचा अभियंता ऑगुस्ट वोलर याने १८५० ते १८७० च्या दरम्यान आसांवर लाखो फेऱ्यांच्या चाचण्या घेतल्या आणि दाखवलं की ताणाची एक मर्यादा आहे, तिच्याखाली लोखंड-पोलाद व्यवहारात कितीही फेरे सोसतं. अॅल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नाही. अगदी लहान ताणही त्यात आयुष्य थोडं थोडं खात राहतो. वेल्डच्या बाबतीत तर पोलादी जोड त्याच आकाराच्या अॅल्युमिनियमच्या जोडापेक्षा अडीच-तीन पट ताण सोसतो. किंमत द्यावी लागते ती वजनात. नवं हँडल जुन्यापेक्षा अर्ध्या किलोहून थोडं जड झालं. भाच्याने ते हातात घेऊन तोंड वाकडं केलं. मी समजू शकतो, छत्तीस इंची चाकीवर प्रत्येक ग्रॅम त्याला पायाने ढकलायचा असतो.

या कामात मला सर्वांत जास्त विचार करावा लागला तो वेल्ड कुठे करायचा याचा. जुन्या हँडलची नळी प्लेटला टोकाशी भिडवून सभोवार वेल्ड केली होती. म्हणजे वर आणि खाली, जिथे वाकण्याचा ताण सर्वाधिक, तिथेच वेल्डची कड. पण वाकणाऱ्या नळीच्या उंचीच्या मध्यावर, दोन्ही बाजूंना, ताण जवळजवळ शून्य असतो. वेल्ड तिथे का असू नये? मी अडीच मिलिमीटर पत्र्याची पन्हळ वाकवली, ती सीटच्या प्लेटला जोडली, आणि नळी सीटखाली ७० मिलिमीटर आत नेऊन त्या पन्हळीत बसवली. वेल्ड फक्त दोन्ही बाजूंच्या मध्यरेषेवर, लांबीच्या दिशेने, आणि तोही पन्हळीच्या पुढच्या कडेपासून २५ मिलिमीटर मागे थांबवलेला. वर काही नाही, खाली काही नाही. पन्हळीची पुढची कड सरळ न ठेवता माशाच्या तोंडासारखी कापली, म्हणजे नळीचा ताठपणा एकदम न बदलता हळूहळू बदलतो. कडा कानशीने गोल केल्या, मग पॉलिश पेपरने लांबीच्या दिशेने घासल्या. आडवं घासलं तर प्रत्येक ओरखडा नव्या चिरेचं बी ठरू शकतो.

मुळाशी आता वीस किलोच्या ओढीला ४० मेगापास्कल येतात, रोजच्या दहा किलोला २०. ८५ वरून ४०, तेही अॅल्युमिनियमऐवजी पोलादात आणि वेल्डपासून दूर.

बोल्टचीही एक गोष्ट सांगायला हवी. जुनी प्लेट उतरवताना पुढचा डावा बोल्ट बोटाने फिरला. तो किती दिवस सैल होता कोण जाणे. सैल बोल्टमुळे प्लेट प्रत्येक ओढीला किंचित डुलते आणि भार एका बाजूला जातो. चिरेचा उगमबिंदू तळाच्या बरोबर मध्यावर नव्हता, थोडा उजवीकडे होता, त्याचं हेच कारण असावं. नवे एम६ बोल्ट नायलॉक (सहज सैल न होणाऱ्या) नटांसह, खाली रुंद पट्टी घालून, टॉर्क पान्याने सहा न्यूटन-मीटरवर आवळले. सीटचा तळ प्लास्टिकचा आहे, त्याहून जास्त आवळलं तर तोच चिरडतो.

रंगाबद्दल भाच्याचा आग्रह काळ्या पावडर कोटिंगचा होता. मी पांढऱ्या रंगाचा एकच पातळ हात दिला. पावडर कोटिंग जाड आणि लवचीक असतं, त्याच्याखाली चीर बरीच लांब होईपर्यंत कळत नाही. पातळ पांढऱ्या रंगाखाली पोलाद चिरलं की गंजाची तपकिरी रेघ दिसते. अॅल्युमिनियम अशी खूण देत नाही.

जे मधल्या काळात हँडलविना अडले आहेत त्यांच्यासाठी: चिरेच्या टोकाला तीन मिलिमीटरचं भोक पाडलं की तिची धार बोथट होते आणि ती काही काळ थांबते. हे खरं आहे, विमानांतही करतात. पण चिरेचं खरं टोक डोळ्यांना दिसतं त्याच्या पुढे असतं, भोक थोडं जरी मागे पडलं तर उपयोग शून्य. आणि हँडलवर ब्रेक असेल तर हे करून उतारावर जाऊ नका. घरी पोहोचण्यापुरतं ठीक.

काम पूर्ण झाल्यावर मी डीपी (डाय पेनेट्रंट) चाचणी केली. लाल द्रव लावायचा, दहा मिनिटं मुरू द्यायचा, पुसायचा, पांढरी पावडर फवारायची. चीर असेल तर लाल रेघ वर येते. तीन फवारणीचे डबे लागतात, इंडस्ट्रियल दुकानात सहज मिळतात. रेघ नव्हती. ठरलं असं की दर दोन महिन्यांनी, म्हणजे साधारण पस्तीस हजार ओढींनंतर, भाचा युनिसायकल उलटी ठेवून पोटाखाली पाहील आणि मला फोटो पाठवेल, आणि दर सहा महिन्यांनी मी तिथला रंग काढून डीपी करीन.

पहिली सहामाही गेल्या आठवड्यात झाली. नळीला, पन्हळीला, वेल्डला काही नाही. पण सीट उलटी करून बोल्ट काढले तेव्हा प्लास्टिकच्या तळात, पुढच्या डाव्या बोल्टच्या भोकापासून निघालेली केसासारखी एक रेघ दिसली. सुमारे आठ मिलिमीटर. जुना बोल्ट सैल होता तेव्हाची असेल, किंवा नवं हँडल ताठ असल्यामुळे पूर्वी नळी जेवढं वाकून भार गिळत होती तेवढा आता तळाला मिळत असेल. दोन्ही शक्य आहे. रेघेच्या टोकाशी मी सुईने खूण करून तारीख लिहिली आहे. नवा तळ मागवला आहे, आणि भोकांखाली घालायला तीन मिलिमीटर पोलादी पट्टीऐवजी पूर्ण रुंदीची प्लेट कापायला दिली आहे. तोवर सीट माझ्या टेबलावर उलटी पडली आहे, आणि भाचा साधी सायकल चालवतो आहे.